तिने मांडलेली शेवटची चोरी

माझी बायको चोऱ्या मांडायची. असं सरळ लिहिलं की वाचणारा दचकेल, म्हणून आधी नीट सांगतो.

आम्ही दोघं अजमानला मुलीकडं राहायचो. मुलगी हमरिया फ्री झोनमध्ये एका ऑफिसात आहे, जावई दुबईला जातो-येतो. शाळेला सुट्टी लागली की इथं ऊन असं असतं की पोरांना खाली सोडायची सोय नाही. आमची नात आणि समोरच्या दारातल्या दोघी बहिणी, मूळच्या वसईकडच्या, अशा तिघी दिवसभर हॉलमध्ये मोबाईलात तोंड घालून बसायच्या. बायकोला ते बघवेना. एक दिवस तिनं तिघींचे मोबाईल काढून घेतले, तांदळाच्या डब्यात टाकले आणि डब्यावर हात ठेवून म्हणाली, "घरात चोरी झालीय. चोर आपल्यातलाच आहे. शोधा."

"काय चोरलं, आजी?"

"खोबऱ्याची वडी. एक."

तिथून ते सुरू झालं. टीव्हीवर पोलिसांची मालिका लागायची, ती बायको रोज बघायची आणि रोज चिडायची. "मेले आधी पळतात आणि मग बघतात," म्हणायची. म्हणून तिनं उलटा नियम केला. आमच्या खोलीत एक घडीचं टेबल होतं. त्यावर ती घरातल्याच पाच-सहा वस्तू मांडायची, वर चादर टाकायची. बाजूला कागदावर काय चोरीला गेलं ते लिहायची. चौथी शिकलेली बाई, अक्षर मोठं मोठं. चादर काढली की पहिली दहा मिनिटं सगळ्यांनी हात मागं बांधून नुसतं बघायचं. वस्तूंवरून चोर ओळखायचा. आणि गंमत अशी की चोराला स्वतःलाही माहीत नसायचं की आज तो चोर आहे. पोरींनी पकडलं की कळायचं.

एकदा तिनं अर्धा प्यायलेला चहा ठेवला होता, वर साय धरलेली. टीव्हीचा रिमोट पालथा. एक मोजा, दुसरा नाही. आणि कंगवा, त्यात केस एकही नाही. धाकटी किंचाळली, "अंकल!" जावयाच्या डोक्यावर किती केस आहेत ते मी इथं लिहीत नाही, पण पोरी हसून लोळल्या.

जावई म्हणाला, "आई, तुम्ही माझ्यावर पाळत ठेवता की काय?"

"पाळत कशाला ठेवू? दिसतं."

एवढंच बोलायची. दिसतं. माझ्यावर तिनं कधी चोरी मांडली नाही. पोरी विचारायच्या, आजोबांची पाळी कधी? ती म्हणायची, "त्यांचं अवघड आहे. त्यांना येळ लागेल."

आता माझं सांगतो.

मी सातवी पास. सव्वीस वर्षं या देशात सळया बांधल्या. इमारतीचा स्लॅब ओततात ना, त्याच्या आत लोखंडाची जाळी असते, ती बांधणारा माणूस मी. दोन सळया जिथं एकमेकींवरून जातात तिथं तारेचा फास टाकायचा, वाकडा हूक अडकवायचा, दीड पीळ द्यायचा, खलास. दिवसाला असे किती फास घातले याची गणती नाही. शारजाच्या इंडस्ट्रियल भागात आमचा कॅम्प होता. एका खोलीत बाराजण. तीन मजली लोखंडी खाटा, चार.

गावात तेव्हा फोन फक्त दुकानात होता. मी फोन केला की दुकानदार पोरगी पाठवून बायकोला बोलावून घ्यायचा, तोवर मी कार्ड संपत चाललेलं बघत उभा. पहिल्याच फोनला तिनं विचारलं, "झोपायला जागा बरी हाय का?"

मी म्हणालो, "चौघं आहोत खोलीत. एसी आहे."

"जेवणाचं?"

"आचारी आहे."

तोंडातून निघून गेलं. तिच्यामागं दुकानात चार बाया उभ्या असणार, हे मला माहीत होतं. बायकोला मान खाली घालायला लागू नये म्हणून बोललो, आणि माझी स्वतःची मान खाली जाऊ नये म्हणूनही बोललो. दोन्ही खरं आहे. पण एकदा आचारी सांगितला की त्याला रोज काहीतरी शिजवायला लागतं. पुढच्या फोनला तिनं विचारलं, आज काय केलं त्यानं? मी म्हणालो, बांगडा. खोटं फार गुळगुळीत होऊ नये म्हणून वर म्हणालो, पण करपवला. केरळचा आहे, घाई फार करतो.

"त्याला सांगा, तवा आधी तापू द्यायचा."

"सांगतो."

असा तो आचारी सव्वीस वर्षं जगला. त्याला ताप आला, त्याच्या मुलीचं लग्न झालं, तो सुट्टीवर जाऊन परत आला. खरं असं की आम्ही बाराजण पाळीपाळीनं शिजवायचो आणि माझी पाळी आली की निम्मे जण दुकानातल्या खबूस रोटीवर आणि दह्यावर भागवायचे.

तिकडं बायको गावात बायांना सांगायची, आमच्यांना तिकडं काय कमी नाही, थंड खोली आहे, आयतं ताट आहे. माझी आई तिला घालूनपाडून बोलायची तेव्हाही ती हेच धरून बसायची की नवरा सुखात आहे ना, मग आपण दोन शब्द सोसू. म्हणजे माझ्या खोट्यावर ती तिकडं उभी होती. हे मला सुट्टीवर गेलो की दिसायचं, आणि मी गप्प बसायचो.

सहा वर्षांपूर्वी मुलीनं आम्हा दोघांना इथं आणलं. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेलेली, पण एका छपराखाली सलग असे राहिलो ते इथंच. मी ठरवलं होतं, इथं आल्यावर सांगून टाकायचं. पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं, "काय वो, तो तुमचा आचारी कुठं असतो? त्याला एकदा जेवायला बोलवा की."

"तो गेला," म्हणालो. "कायमचा गेला केरळला."

"बरं झालं," ती म्हणाली. "मासे तरी वाचले."

आणि पोळ्या लाटायला लागली. तेव्हा सांगता आलं असतं. नंतरही दहादा आलं असतं. संध्याकाळी आम्ही खाडीच्या बाजूनं चालायला जायचो, बाकावर बसायचो, तोंड उघडायचो आणि भलतंच बोलायचो. म्हातारपणी बायकोला लाजणारा माणूस मी पाहिलेला नाही, पण मी लाजायचो.

मग एका शुक्रवारी, उन्हाळा उतरत होता तेव्हा, तिनं सकाळी टेबल मांडलं आणि चादर टाकली. पोरी शाळेतून साडेअकराला यायच्या होत्या. अकराच्या सुमाराला तिला घाम सुटला. ॲम्ब्युलन्स लगेच आली. हॉस्पिटलात डॉक्टरांनी, नर्सांनी जीव तोडून केलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. दुपारी ती गेली.

समोरच्या बहिणींचा बाप हॉटेलात कामाला आहे. त्यानं ड्युटी सोडली आणि तीन दिवस कागदांसाठी माझ्या जावयाबरोबर फिरला. त्यांच्या आईनं आमच्या घरी चूल बंद म्हणून दोन्ही वेळचं जेवण आणलं, आणि आमच्यात अशा वेळी काय चालतं, काय नाही, ते आधी विचारून मग केलं. या लोकांचे उपकार मी कुठं फेडू? फेडायचेही नाहीत. असू देत अंगावर.

तिला गावी नेलं. सगळं केलं. लोक येत होते, बसत होते, चांगलं बोलत होते, आणि माझ्या डोक्यात एकच खिळा. ती त्या चौघांच्या खोलीवर आणि त्या आचाऱ्यावर विश्वास ठेवून गेली. माझ्याशी चाळीस वर्षं संसार केला आणि मला न ओळखता गेली, आणि ते माझ्यामुळं. तेरा दिवस मला दुसरं काही सुचलं नाही. तेराव्यानंतरही नाही.

चार महिन्यांनी मुलीनं मला परत इथं आणलं. खोलीत टेबल तसंच, चादर तशीच. मुलगी आजूबाजूनं झाडायची, टेबलाला हात लावत नव्हती. मीही लावला नाही. त्याच्या शेजारी सात महिने झोपलो.

परवा-परवा आम्ही जागा बदलली. मुलीनं उम्म अल कुवैनला घर बघितलं, तळमजल्याचं, माझ्या गुडघ्यांसाठी. तिला ऑफिसही त्या बाजूनं बरं पडतं. शनिवारी सकाळी आठला सामानाची गाडी येणार होती. शुक्रवारी मुलीला अर्धा दिवस, दुपारपासून ती खोके भरत होती. खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "बाबा, टेबलाचं काय करायचं?"

नात म्हणाली, "नो! आजीची केस ओपन आहे अजून." आणि धावत जाऊन समोरच्या दोघींना घेऊन आली.

आता त्या मोठ्या झाल्यात. थोरली बारा वर्षांची, चष्मा लागलाय. तिनं येताना वही आणली. नात मला म्हणाली, "आजोबा, हात मागे. रूल इज रूल."

मी हात मागं बांधले. नातीनं चादर दोन्ही कोपऱ्यांना धरून उचलली, आजी उचलायची तशी, धूळ उडू न देता.

कागदावर लिहिलं होतं, "गूळ गेला. अर्धी ढेप."

मला साखरेचा आजार आहे. गूळ कोण खातो ते मला वाचल्या वाचल्या कळलं आणि हसूच आलं. म्हटलं, सापडलो. आली एकदाची माझी पाळी. मग मी टेबलावर बघितलं.

एक शर्ट घडी करून ठेवला होता. शर्ट जावयाचा, म्हणजे पोरींना चकवायला. पण त्याच्या खिशातून चमचा डोकावत होता. एक उशी होती आणि उशीला खेटून चप्पल, जुनी, मुलीची. एक स्टीलचा ग्लास पालथा, त्याच्या बुडावर खिळ्यानं काढलेली फुली. ग्लास नवीन होता, फुली मात्र मी माझ्या ग्लासावर काढतो तशी, एक रेघ लांब आणि एक आखूड. शेंगदाण्याची पिशवी होती, तिचं तोंड पावाच्या पिशवीच्या तारेनं बांधलेलं, दीड पीळ. एक लहान बादली होती, तिच्यावर ताटलीचं झाकण. नातीनं वाकून आत डोकावलं तर आत पाणी नाही, फक्त एकाखाली एक पांढऱ्या रेघा. भरून ठेवलेलं पाणी इतक्या महिन्यांत सुकून गेलं होतं.

आणि मागं बुटांचा एक खोका उभा केलेला. त्यात पुठ्ठ्याचे दोन कप्पे घालून तीन मजले केलेले, आणि प्रत्येक मजल्यावर कपडे वाळत घालायचे चार-चार चिमटे आडवे निजवलेले. निळे सगळे. सगळ्यात वरच्या मजल्यावरचा एक फक्त लाल.

माझं हसू तिथंच थांबलं.

धाकटी म्हणाली, "उशीजवळ चप्पल कोण ठेवतं? छी!"

"ज्याची चप्पल चोरीला जाते तो," थोरली म्हणाली.

"घरात चप्पल कोण चोरणार?"

"घरात नाही गं. जिथं खूप लोक असतात तिथं. म्हणून ग्लासवर पण मार्क आहे. आणि स्पून बघ, लपवलाय."

नात म्हणाली, "वॉटर कशाला भरून ठेवलं पण? टॅपला असतं ना."

"तिथं टॅपचं गरम येत असेल. समरमध्ये येतं तसं. मग आधी भरून ठेवायचं, थंड होतं."

ती पोर चष्मा वर सरकवत एकेक सांगत होती आणि मी मागं हात बांधून ऐकत होतो. जे मी सव्वीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं ते बारा वर्षांची मुलगी चमचा आणि बादली बघून वाचत होती. मग ती खोक्याकडं वळली. चिमटे मोजले. "ट्वेल्व्ह. हे बेड आहेत. बंक बेड. बाराजण एका रूममध्ये." थोडा वेळ पेन्सिल चावली आणि माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "आजोबा, हा माणूस जेलमध्ये होता."

नात उसळली. "एक्स्क्यूज मी! आमच्या घरात कोणी जेलमध्ये नव्हतं, ओके?"

"मी नाही म्हणत. एविडन्स म्हणतोय."

"युअर एविडन्स इज राँग!"

"मग तू सांग, चप्पल का?"

भांडण ऐकून मुलगी आली. हातात चिकटपट्टी, केसांवर धूळ. "काय चाललंय? जेल काय?"

मी म्हणालो, "चोर मी आहे."

"आय न्यू इट!" नात टाळ्या पिटत नाचायला लागली. "गूळ! आजोबांनी गूळ खाल्ला!"

धाकटीला मात्र पटलं नव्हतं. "आणि जेल?"

"जेल नव्हती. कॅम्प होता," मी म्हणालो. "शारजाला. एका खोलीत बाराजण. चप्पल सकाळी कुणाचीही कुणीही घालून जायचा म्हणून उशाशी ठेवायची. चमचा स्वतःचा स्वतः सांभाळायचा. पाणी आदल्या दिवशी भरायचं."

पोरींना उत्तर मिळालं, त्या खूश. मुलीचं तसं नव्हतं. ती एका भरलेल्या खोक्यावर बसली. "बाबा, तुम्ही तर चौघंजण होतात ना खोलीत?"

"बारा."

"एसी?"

"एसी होता. खोट्यात तेवढं खरं होतं. बाराजणांत एक, आणि तोही खाली गळायचा. त्याच्याखाली पातेलं ठेवायला लागायचं."

"आणि आचारी?"

"आचारी नव्हता."

"आचारी नव्हता?" तिचा आवाज चढला. बाराजणांचं ऐकून ती इतकी हलली नव्हती. "बाबा, मी त्याला राखी पाठवली होती! तिसरीत असताना. तुमच्या पाकिटात. आईनं मला पत्ता लिहायला बसवलं होतं."

हे मी विसरलो होतो. विसरलो नव्हतो, आत कुठंतरी दाबून ठेवलं होतं. "आली होती," मी म्हणालो. "माझ्या खाली, तळाच्या खाटेवर एकजण होता, तेलंगणाकडचा. त्याची डाळ सगळ्यात बरी व्हायची. त्याला म्हटलं, माझ्या मुलीनं आचाऱ्याला पाठवलीय, तूच घे बाबा. त्यानं बांधली. रंग जाऊन नुसता दोरा राहिला तरी सोडली नाही."

मुलगी रडायला लागली आणि रडता रडता हसायला लागली. मला म्हणाली, "तुम्ही ना, भयंकर आहात." मग तिनं टेबलाकडं बघितलं. इतका वेळ ती माझ्याकडं बघत होती, आता तिच्या ध्यानात आलं. "पण हे आईनं मांडलंय. म्हणजे आईला माहीत होतं?"

माहीत होतं. हेच मी इतका वेळ मनात म्हणत होतो आणि माझा मलाच विश्वास बसत नव्हता. चमचा, चप्पल, ग्लास हे ठीक, ते मी इथंही करत होतो आणि तिला दिसत होतं. दिसतं, असं तीच म्हणायची. पण बारा? बारा मी इथं कधी केलं नाही. बारा तिला कुणीतरी सांगितलं असणार. पलीकडच्या वाडीतला एक जण आमच्याच खोलीत होता. तो माझ्या दुसऱ्या वर्षी सुट्टीवर गेला होता आणि मी त्याच्याबरोबर घरी बॅग पाठवली होती. बायकोनं त्याला चहा दिला असणार आणि सरळ विचारलं असणार. तिला आडून विचारता यायचंच नाही.

म्हणजे दुसऱ्या वर्षापासून. पुढं चोवीस वर्षं ती दुकानात उभी राहून मला विचारत होती, आज आचाऱ्यानं काय केलं? आणि मी सांगत होतो आणि ती म्हणत होती, तवा तापू द्यायला सांगा. दुकानातल्या बायांसमोर माझी मान वर राहावी म्हणून. आपल्या लेकीला त्या आचाऱ्यासाठी राखी पाठवायला लावत होती. मला वाटायचं, मी तिला सांभाळतोय. अहो, कोण कुणाला सांभाळत होतं?

मुलगी म्हणाली, "आणि हा एक लाल का? वरचा?"

ते थोरलीनं सांगितलं. वहीत बघून, अगदी शांतपणे. "आजोबा बेडवरून उठताना मान खाली घालतात. वर काही नसतं तरी. आम्ही पण बघितलंय. म्हणजे ते वर झोपायचे, सीलिंगजवळ."

मला हे माहीतच नव्हतं. अजून घालतो मी मान खाली? मुलीनं मान डोलावली. नातीनं पण डोलावली. सगळ्या घराला ठाऊक होतं, मला सोडून. लाल चिमटा तिनं मला वरची खाट बघून दिला नाही. पाच वर्षं रोज सकाळी मला उठताना बघून दिला.

मग मला एकदम तो चमचा आठवला. मी जेवून झालं की चमचा धुतो आणि खिशात टाकतो, हात आपोआप जातो. धुण्यात शर्ट टाकताना खिसा तपासायचं भान मला नाही. आणि इस्त्रीचा ताजा शर्ट अंगात घातला की खिशात चमचा असायचा. मला वाटायचं, राहिला असेल. अरे शहाण्या, मशीनमधून आणि इस्त्रीखालून चमचा खिशात कसा राहील? ती काढायची, घासायची, शर्ट इस्त्री झाला की परत जागच्या जागी ठेवायची. रोज. एका शब्दानं कधी म्हणाली नाही की ड्रॉवर आहे, चमचे आहेत, आता हे कशाला.

ती गेल्यापासून ताज्या शर्टाचे खिसे रिकामे असतात. मला वाटत होतं, मीच चमचा ठेवायचं सोडलं.

मी खाटेवर बसलो. पोरी समोर होत्या म्हणून रडलो नाही असं लिहिलं तर खोटं होईल, आणि खोटं आता पुरे. रडलो. पण अकरा महिने डोक्यात जो खिळा होता तो निघाला होता, आणि त्याचं रडणं वेगळं असतं. ती मला ओळखून गेली. माझं सगळं वाईट-बरं तिला ठाऊक होतं, लाजही ठाऊक होती, आणि त्या लाजेवर तिनं चादर टाकून ठेवली होती. आणि शेवटी काढायची ठरवली तीही कशी? गूळ चोरल्याच्या नावाखाली, पोरींच्या हसण्यात, म्हणजे मला सोपं जावं. त्या शुक्रवारी तिला अजून अर्धा तास मिळाला असता तर मी तिच्यासमोर कबूल झालो असतो. तो अर्धा तास मिळाला नाही याचं दुःख मी करणार आहे, मरेपर्यंत. पण बाकी जे मिळालं ते इतकं आहे की तक्रार करायला तोंड उघडत नाही. देव असेल तर त्याला, आणि नसेल तर तिलाच, माझा नमस्कार.

धाकटी माझ्या शेजारी येऊन बसली. "आजोबा, बाकीचे अकरा कुठे गेले?"

"गेले आपापल्या घरी. दोघंतिघं वारले."

"कोण कोण होते?"

मी मुलीकडं बघितलं. खोके अर्धे भरलेले, स्वयंपाकघर तसंच, सकाळी आठला गाडी. मला वाटलं ती म्हणेल, बाबा, नंतर. तिनं चिकटपट्टी खाली ठेवली. खोका उचलून माझ्या मांडीवर दिला आणि म्हणाली, "सांगा. पण खालच्या मजल्यापासून सांगा. आणि आता कुणाला आचारी करू नका."

मी खालच्या कोपऱ्यातला पहिला चिमटा उचलला. तो राजस्थानचा होता, झोपेत हिशेब बोलायचा. दुसरा पाकिस्तानचा, सुतार, त्यानं माझी खाट करकरायची ती बूट काढून खिळा ठोकून बंद केली होती. तिसरा तो तेलंगणाचा, राखीवाला. त्याचं सांगताना मुलगी मध्येच म्हणाली, "तो आता कुठं असतो, बाबा? फोन लागेल?" मी म्हणालो, बघू, पलीकडच्या वाडीवाल्याकडं नंबर असेल, इन्शाल्ला.

संध्याकाळी जावई आला. दारातच बूट घालून उभा राहिला, चहूकडं बघितलं. "हे काय? सकाळी गाडी येणार आणि अजून काहीच बांधलं नाही?"

"बस तू," मुलगी म्हणाली. "बाबा सांगतायत."

तो बसला. मी सातव्या माणसापर्यंत आलो होतो.